सत्याग्रही शकूची आई

आमच्या गिरगावच्या वाडीत कर्तबगार माणसांची टंचाई कधीच नव्हती. कुणी सेक्रेटरिएटातून हेडक्लार्क होऊन निवृत्त झालेला, कुणी नाट्यमंडळाचा खजिनदार, तर कुणी नुसताच अध्यक्ष. कशाचा ते विचारायचं नाही. त्या मानाने माझी वहिनी कालिंदी म्हणजे कुणीच नव्हे. पेणची, मराठी सातवी झालेली, चारचौघांत आवाज न चढणारी. तिच्या नावावर पराक्रम एकच. वाडीतल्या झाडून सगळ्या कर्तबगारांना तिने एका संध्याकाळी गप्प केलं. वाडीत तो किस्सा अजून सांगतात आणि अजून चुकीचा सांगतात, म्हणून माझं डोकं फिरतं. त्या दिवशी गप्प झालेल्यांत मीही होते, तेव्हा सांगायचा हक्क माझा.

घरात आम्ही पाच जण. माझे वडील तात्या, तेच ते निवृत्त हेडक्लार्क. माझा भाऊ रघुवीर, म्हणजे दादा, विमा कंपनीत कारकून. वहिनी. मी नलू, फोर्टात टायपिस्ट, लग्न न झालेली, म्हणून सगळ्यांच्या मते तोंडाळ. आणि दादा-वहिनीची मुलगी शकू.

शकू दिसायला इतकी गोड की परकी बाई बघताक्षणी तिचा गालगुच्चा घ्यायची आणि मग चेहरा पाडून हात मागे घ्यायची. शकू कुणाच्या डोळ्यांत बघत नसे. हाक मारली तर वळत नसे. दिवसभर माझ्या रिकाम्या दोऱ्याच्या रिळांची रांग लावायची, आणि एक रीळ कुणी हलवलं की आकाशपाताळ एक करायची. आपलं असं एक अक्षर बोलत नसे, पण ऐकलेलं मात्र जसंच्या तसं, त्याच सुरात परत म्हणायची. भाजीवालीची आरोळी, रेडिओवरच्या बातम्या, तात्यांचा खोकला. माजघरातून तात्यांचा खोकला ऐकू यायचा आणि तात्या तर बाहेर आरामखुर्चीत! आता या सगळ्याला नाव आहे, स्वमग्नता म्हणतात, डॉक्टर आहेत, शाळा आहेत. छप्पन साली नाव नव्हतं. शेजारणी म्हणायच्या, ‘किती गुणाची पोर, तोंडातून ब्र नाही! सासरी नाव काढील हो.’ मला वाटायचं, एकेकीला धरून विचारावं, तुझ्या लेकाला करून घेतेस का? पण वहिनी डोळ्यांनी दटावायची.

शकूला सातवं लागलं आणि वहिनीने शाळा शोधायला सुरुवात केली. तिला एवढंच हवं होतं, की जिथे आपल्या पोरीला चार तास कुणी हाकलणार नाही आणि काहीतरी शिकवील अशी एक जागा मिळावी. माझ्या मते ही मागणी काही राज्य मागण्याइतकी मोठी नव्हती. पण मिळेना. बहिऱ्या-मुक्यांच्या शाळेत गेलो, तर त्यांनी पाठीमागे पत्र्याचा डबा वाजवला. शकूने कान झाकले. ते म्हणाले, हिला ऐकू येतं, आमच्याकडे नको. मंदबुद्धीच्या मुलांसाठी कुणी एक सद्गृहस्थ वर्ग चालवायचे. तिथे शकूने एकोणतिसाचा पाढा घडाघडा म्हटला. ते म्हणाले, ही मंद नाही, आमच्याकडे नको. साध्या शाळेत गेलो तर तिला नाव सांगता येईना. आमच्याकडे नको. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये वहिनी, एका हाताने पोरीला धरून, दुसऱ्या हातात कागदांची पिशवी.

कागद तात्यांचे. तात्यांची ठाम समजूत होती की जगात कुठलंही काम अडलं तर ते अर्जाच्या मसुद्यात खोट राहिल्यामुळेच अडतं. ते मसुदा करायचे आणि मी ऑफिसात साहेब जेवायला गेला की टाइप करायचे. शकू बोलत नाही हे त्यांनी कधी लिहिलं नाही. ‘कन्या मितभाषी व चिंतनशील असून’ असं इंग्रजीत लिहायचे. दहा शाळांना दहा अर्ज गेले, दहा नकार आले, आणि चिंतनशील कन्या घरी रिळं मांडत बसली.

अकरावी शाळा आमच्याच बाजूची, मुलींची, मोठी नामांकित. नाव सांगत नाही, तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे हेडमिस्ट्रेस, आता हयात नाहीत. जूनची सुरुवात होती. जानेवारीतला गोळीबार लोक विसरले नव्हते, मुंबई महाराष्ट्राला मिळणार की नाही यावरून घराघरात डोकी तापलेली. वाडीच्या समितीचे चिटणीस गंगाधरपंत रोज पहाटे प्रभातफेरी काढायचे. हातात पत्र्याचा कर्णा, आणि अगदी आमच्या खिडकीखाली पहिली घोषणा. कुणाची झोप मोडली तर देशद्रोह नको म्हणून कुणी बोलत नसे.

तर मुलाखतीला तात्या, वहिनी, मी आणि शकू. मोठ्या बाई प्रेमाने म्हणाल्या, “नाव काय बाळ तुझं?”

शकू छताच्या पंख्याकडे बघत राहिली. बाईंनी पुन्हा विचारलं. वहिनीने माझा हात घट्ट धरला. आणि शकूने घसा खाकरला, अगदी पुरुषी, तंबाखू खाल्लेल्या माणसासारखा, आणि खणखणीत आवाजात सुरू झाली, “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र… अरे मागचे, झोपलात काय? बोला!”

मागे स्टुलावर शिपाई खरंच डुलक्या काढत होता. तो ताडकन उठला आणि सवयीने हात वर करून ओरडला, “झालाच पाहिजे!”

मला हसू आवरेना. खाकरण्यासकट, ‘मागचे’सकट, ते शंभर टक्के गंगाधरपंत होते. पण मोठ्या बाईंचा चेहरा पांढराफटक. शाळा सरकारी ग्रँटवर चालायची. “हे असलं घरी शिकवता होय मुलीला? आमच्याकडे राजकारण चालणार नाही,” त्या म्हणाल्या.

वहिनी सांगायला लागली, “बाई, तसं नाही हो, ती नुसतं…”

पण तात्या उभे राहिले होते. पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, तोंडी नकार त्यांना सहनच होत नसे. म्हणाले, “प्रवेश नाकारायचा तर नाकारा. कारण लेखी द्या.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. बाईंनी रागाच्या भरात शाळेच्या कागदावर लिहून दिलं, की उमेदवार मुलीने मुलाखतीत राजकीय घोषणा दिल्याने प्रवेश नाकारण्यात येत आहे. खाली सही, शिक्का, तारीख. तात्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर आल्यावर कितीतरी महिन्यांनी समाधानाने हसले.

संध्याकाळी तो कागद गंगाधरपंतांच्या हातात आणि रात्रीच्या जेवणाआधी वाडीतल्या बेचाळीस बिऱ्हाडांत पोचला. सात वर्षांच्या मुलीला महाराष्ट्र मागितला म्हणून शाळेचे दरवाजे बंद! दुसऱ्याच दिवशी चौकात सभा. एका साप्ताहिकात चार ओळींची बातमी. शाल, श्रीफळ, बर्फी. शकूने नारळ घेतला, खाली ठेवला, शेजारच्या बाईच्या ओटीतला नारळ ओढून त्याच्याशेजारी ठेवला आणि तिसरा शोधायला लागली. लोक म्हणाले, “बघा, हारतुऱ्यांचा मोह नाही!”

हसू नका, मला तेव्हा हसू आलं नव्हतं. कारण मी दादाला बघत होते. दोन वर्षं झाली होती, तो शकूला घेऊन चौपाटीवर गेला नव्हता. लोक वळून बघतात म्हणायचा. त्या संध्याकाळी त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि वाडीभर फिरवलं. तात्यांच्या डोळ्यांत पाणी. दहा शाळांनी पोरीला नाकारलं ती आमची लाज होती. अकराव्या शाळेने नाकारलं तो अभिमान झाला. कोण सोडणार असला अभिमान? वहिनीने दोनदा तोंड उघडलं. “अहो, तिला काही कळत नाही त्यातलं,” एवढं म्हणते तोच तात्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती आत जाऊन भांडी घासायला लागली. आणि मी? मी तोंडाळ ना? मी बर्फी खाल्ली.

मग वाडीचं शिष्टमंडळ शाळेवर गेलं. पाठोपाठ आजूबाजूच्या तीन वाड्या गेल्या. शाळेच्या फाटकाशी दोन दिवस घोषणा झाल्यावर ट्रस्टी म्हणाले, घ्या बाई त्या पोरीला, पण हे थांबवा. जुलैत शकूला प्रवेश मिळाला. ज्या शाळेत ती खरं म्हणजे कुणालाच नको होती, नेमकी तीच शाळा आम्ही लढून मिळवली.

आणि मग तिला कुणी हात लावीना. हजेरीत तिचं नाव आलं की वर्गाच्या बाई मान वर करत नसत. प्रश्न विचारायचा नाही, रागवायचं नाही, शिकवायचंही नाही. उगाच काही बोलली तर? आधी शेवटच्या बाकावर, मग वर्गातल्या गलक्याने ती किंचाळते म्हणून बाहेर पाण्याच्या टाकीशी एका पाटावर. सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं, सगळ्या विषयांत ‘ठीक’ आणि वर्तणूक ‘उत्तम’. तात्यांनी ते शेजाऱ्यांना दाखवलं.

त्याच्याही आधी, गणपतीपर्यंतच, शकूचे पाढे बंद झाले होते. मग भाजीवाली बंद झाली, रेडिओ बंद झाला, तात्यांचा खोकलाही. तिच्या डाव्या मनगटावर दातांचे वण दिसायला लागले. आधी लाल, मग काळेनिळे. वहिनी रोज रात्री तिथे खोबरेल तेल लावायची आणि रडायची, आवाज न करता.

“मी तिला काढते तिथून,” एक दिवस ती दादाला म्हणाली.

“आत्ता? लोक म्हणतील घाबरलो. निवडणुका तोंडावर आल्यात.”

“निवडणुकीला ती उभी आहे का?”

तात्या मध्ये पडले. “सूनबाई, दाखला काढायचा तर कारण लिहावं लागतं. काय लिहिणार?”

“खरं आहे ते लिहीन, मामंजी.”

“खरं कधी अर्जात लिहितात का?” तात्या म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

दिवाळीनंतर वाडीच्या चौकात मोठी सभा ठरली. मध्यमवर्ग आणि कामगार यांची एकजूट, असा विषय. गिरणगावातून वक्ता बोलावला होता. दत्ताराम म्हणून, काळाचौकीचा, गिरणीतल्या मागावरचा साचेवाला, पायजमा-सदऱ्यातला सावळा उंच माणूस. गंगाधरपंत खांद्याला खांदा लावण्यावर पाऊण तास बोलले. मग म्हणाले, आता आपली बालसत्याग्रही शकुंतला स्वतःच्या मुखाने घोषणा देईल. दादाने तिला उचलून व्यासपीठावर ठेवलं. लाउडस्पीकर कर्कश शिट्टी मारून बंद पडला, पुन्हा सुरू झाला. शकूने दोन्ही कान झाकले, खाली बसली आणि मग मनगट तोंडात धरलं. लोकांना वाटलं लाजली. टाळ्या पडल्या. टाळ्या वाढल्या तसे दात आणखी रुतले. मला खालून रक्त दिसलं.

वहिनी बायकांतून उठली. पदर खोचला आणि सरळ व्यासपीठावर चढली. आमच्या घरातली बाई अशी पुरुषांच्या सभेत चढलेली कुणी पाहिली नव्हती. तिने शकूला कुशीत घेतलं, तिचा हात सोडवला आणि मायक्रोफोनच्या फार जवळ तोंड नेऊन बोलायला लागली.

“माझी मुलगी सत्याग्रही नाही हो. तिला घोषणा कळत नाही. पंत खिडकीखाली ओरडतात ते ती ऐकते नि तसंच म्हणते. ते खाकरतात, तेसुद्धा म्हणते. सात वर्षांची झाली, तिला आई म्हणता येत नाही. ती वेगळी आहे. का आहे ते मला माहीत नाही, डॉक्टरांनाही माहीत नाही. तुम्ही भांडून तिला शाळा दिलीत, तुमचे उपकार आहेत. पण त्या शाळेत ती टाकीजवळ बसून हात चावते. हा बघा.” तिने शकूचा हात वर धरला. “महाराष्ट्र मलाही हवाय. पण तो ही पोर आणणार नाही. मी तिला उद्या शाळेतून काढणार आहे.”

टाळ्यांसाठी उचललेले हात लोकांनी मांडीवर ठेवले. गंगाधरपंतांनी खाकरून बघितलं, पण पुढे काही सुचलं नाही. वहिनी पोरीला कडेवर घेऊन माणसांमधून चालत घरी आली. सात वर्षांची घोडी, तिचे पाय वहिनीच्या गुडघ्यांशी लोंबत होते. मी मागोमाग धावले. दादा सभेतच बसून राहिला.

पाठोपाठ तात्या आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. “सगळं चव्हाट्यावर आणलंस,” एवढंच म्हणाले. वहिनी शकूच्या मनगटावर हळद दाबत होती. तेवढ्यात दार वाजलं. दारात दत्ताराम.

“बाय, माझो पुतण्यो असोच आसा,” तो उंबऱ्याबाहेर उभा राहूनच म्हणाला. “आमच्या चाळीत कमल म्हणान एक चेडू पोरांका शिकयता. तो थंय बसता. एकदा येवन बघ.”

तो गेल्यावर तात्या वळले. “काळाचौकीला? गिरणी कामगारांच्या पोरांत? आपली मुलगी?”

आता मात्र माझा तोल गेला. “तात्या, आत्ताच ना चौकात खांद्याला खांदा लावलात? टाळ्या वाजवल्यात की!”

“खांद्याला खांदा सभेत,” तात्या म्हणाले. “शाळेत कशाला?”

तिसऱ्या दिवशी वहिनी शकूला घेऊन निघाली, आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर गेले. एक ट्राम बदलली, उरलेलं चाललो. निघताना वाडीच्या तोंडाशी गंगाधरपंतांनी आम्हाला बघून वर्तमानपत्र उघडलं. कमलचा वर्ग म्हणजे चाळीच्या गॅलरीचं टोक. एक फळा, दोन चटया, दीडदोन डझन पोरं. कमल मॅट्रिक झालेली, विशी-बाविशीची, आईवडील दोघे गिरणीत. ट्रेनिंग वगैरे काही नाही. दत्तारामाचा पुतण्या कोपऱ्यात बसून पत्र्याच्या झाकणाला गरगर फिरवत होता आणि त्याला कुणी थांबवत नव्हतं.

वहिनीने पिशवी उघडली. डॉक्टरांचे कागद, अकरा नकार, तात्यांचे अर्ज, सगळं बाहेर काढलं आणि पाठ केल्यासारखी सांगायला लागली. ही बोलत नाही, बघत नाही, हाकेला ओ देत नाही, पोरांत खेळत नाही, सांगितलेलं ऐकत नाही…

“ते राहू दे ओ वहिनी,” कमल म्हणाली. तिचे हात खडूने भरले होते, तिने कागदांना शिवलंही नाही. “हिला आवडतं काय?”

वहिनी थांबली. तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. अकरा शाळा झाल्या, डॉक्टर झाले, वैद्य झाले, वाडीचा सत्कार झाला. हे कुणी विचारलं नव्हतं. मेलं आम्हीही नव्हतं विचारलं. शकू काय काय करत नाही हे वहिनीला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. रिळं म्हणावी, तर ती तिला आवडतात की नुसती मांडायची असतात, ते कुणाला ठाऊक?

“मला… मला नाही सांगता येत,” वहिनी म्हणाली आणि तिथेच, चटईवर, पोरांदेखत रडायला लागली.

“मग बसा आज,” कमल म्हणाली. “बघू आपण दोघी.”

मी ऑफिसला गेले. वहिनी संध्याकाळपर्यंत तिथेच बसली.

त्या रात्री आम्ही जेवायला बसलो होतो. सभेपासून तीन दिवस दादा घरात कुणाशी बोलला नव्हता. तात्या आमटीत भात कालवत होते, कुणाकडे न बघता. वहिनी वाढता वाढता म्हणाली, “शकूला आमसूल आवडतं.”

तात्या भात कालवतच राहिले.

“कमलच्या घरी बरणी होती. शकूने तिचा हात धरला नि ओढत नेलं बरणीपाशी. स्वतः होऊन. चार खाल्ली. चोखून चोखून, डोळे मिटून.” आंबटाने जीभ जड होते म्हणून वैद्यांनी शकूला पाच वर्षं आंबट बंद केलं होतं आणि आम्ही ते इमानाने पाळलं होतं. रोज गोड दूधभात, रोज थुंकणं, रोज रडारड.

दादाचा हात ताटात थांबला. मग मान वर न करता त्याने विचारलं, “अजून काय आवडतं तिला?”

“मला तरी कुठे माहीत आहे अजून?” वहिनी म्हणाली. “उद्या रजा टाका नि बघायला या.”

दादाने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही. सकाळी मी उठले तेव्हा तो शकूच्या पायांत चपला घालत बसला होता. ती पाय झाडत होती, आणि तो पुन्हा पुन्हा घालत होता.